नॅनोतून बाहेर निघता येत नाही

शहाण्या माणसाजवळ सांगण्यासारखं फार काही नसतं. तो ऑफिसला जातो, काम करतो, घरी येतो, संपलं. किस्से जमतात ते आमच्यासारख्यांजवळ. मी त्रेपन्नाव्या वर्षी कॉम्प्युटरच्या ऑफिसात लागलो आणि तीन महिन्यांत एवढे किस्से जमा केले, की आता ऑफिसात कोणी पाहुणा आला की त्याच्या हातात चहा देऊन मला समोर बसवतात. बिस्किटांची बचत होते.

आधी थोडं माझ्याबद्दल. मी गजभिये. वडील नागपूरकडून स्टील प्लांटच्या नोकरीसाठी भिलाईला आले, मी सेक्टर ६च्या क्वार्टरमध्ये वाढलो आणि पुढे कॅम्प-१ या वस्तीत टायपिंग इन्स्टिट्यूट काढली. सव्वीस वर्षं चालवली. माझे दोन नियम अख्ख्या कॅम्पात प्रसिद्ध होते. पहिला, बोटांकडे पाहायचं नाही. जो पाहील त्याच्या हातांवर मी बुटाच्या खोक्याचं झाकण ठेवायचो. दुसरा, एक चूक, पूर्ण पान. म्हणजे पानात एक जरी चूक सापडली तरी कागद काढायचा, नवा लावायचा आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा. पोरं रडायची. मला त्याचं काही वाटत नसे, उलट थोडं बरं वाटायचं.

मग टायपिंग शिकायला यायचं लोकांनी सोडलं. एक दिवस असा आला, की इन्स्टिट्यूटमध्ये मी आणि अकरा मशीन एवढेच उरलो. शटर पाडलं. तेव्हा पल्लवी भेटली. माझीच जुनी विद्यार्थिनी. तिचं आता नेहरू नगरात ऑफिस आहे, कोचिंग क्लासवाल्यांचे सर्व्हर सांभाळायचं. ती म्हणाली, "सर, तुमची बोटं अजून चालतात ना? मग या. तीन महिने पाहू. जमलं तर कायमचं लेटर देते."

या वयात दुसरं कोणी बोलावणार नव्हतं. हे मला माहीत होतं, माझ्या बायकोला, सुनीताला, माहीत होतं आणि पल्लवीलाही माहीत होतं. त्यामुळे ते लेटर मला हवंच होतं.

* * *

पहिला दिवस. पल्लवीनं काळा स्क्रीन उघडून दिला. त्यावर पांढरी अक्षरं, माऊसचा काही उपयोग नाही. दूरच्या सर्व्हरवरच्या फायली इथे बसून दुरुस्त करायच्या आणि त्यासाठी एक प्रोग्रॅम, नाव नॅनो. "सगळ्यात सोपा आहे सर, नवशिक्यांसाठीच बनवला आहे. काय दाबायचं ते सगळं खाली लिहिलेलं असते. अडले तर खाली पाहा," असं सांगून ती मीटिंगला गेली.

मी अडलो. मी खाली पाहिलं. टेबलाखाली एक वायर, एक पायपुसणं आणि साहूची चप्पल होती.

साहू म्हणजे आमच्या ऑफिसचा केबलवाला, माझ्याच वयाचा, दुर्गच्या पुढच्या गावचा. त्याने विचारलं, "सर, कुछ गिर गया क्या?" मी म्हटलं, "नाही, पल्लवी म्हणाली खाली लिहिलेलं आहे." तोही बिचारा वाकला. पल्लवी परत आली तेव्हा आम्ही दोघं टेबलाखाली होतो.

खाली म्हणजे स्क्रीनच्या खाली, हे त्या दिवशी कळलं. पण चूक माझी एकट्याची नाही. टायपिस्ट माणूस आयुष्यभर डावीकडे ठेवलेल्या कागदाकडे पाहतो. मशीनकडे पाहणं हीच आमच्यात चूक समजली जाते.

* * *

स्क्रीनच्या खाली दोन ओळी असतात. त्यात बाहेर निघायची खूण म्हणजे एक छोटी टोपी आणि तिच्या पुढे एक्स. आता ही टोपी मी सव्वीस वर्षं पोरांना शिकवली आहे. तिला काकपद म्हणतात. मजकुरात एखादा शब्द राहून गेला, की तिथे काकपद काढून वर तो शब्द लिहायचा. तेव्हा काकपद आणि पुढे एक्स याचा अर्थ सरळ होता: इथे एक्स राहिला आहे, तो घाला.

मी घातला. नॅनोतून बाहेर आलो नाही, म्हणून आणखी एक घातला. मग वाटलं टोपीसकट घालायचा असेल. टोपी सहाच्या डोक्यावर असते, शिफ्ट धरून सहा दाबला की येते. सेक्टर ६च्या माणसाला सहा सापडायला वेळ लागत नाही. टोपी, एक्स, टोपी, एक्स अशी मी एक ओळ भरली आणि माझ्या स्पीडनं दोन मिनिटांत पान भरलं.

संध्याकाळचे सहा वाजले. पल्लवी बाहेर गेलेली. मी मशीन तसंच सोडलं, आणि सवयीनं त्याच्यावर कव्हर म्हणून माझा टॉवेल टाकून घरी आलो. सुनीतानं विचारलं, "कसं गेलं?" मी म्हटलं, "नॅनोतून बाहेर निघता नाही आलं."

तिनं लगेच भावाला नागपूरला फोन लावला. मला स्वयंपाकघरातून ऐकू येत होतं. "तुझे भाऊजी नॅनो शिकून राहिले. हो, या वयात. अन् आज तर बाहेरच नाई निघता आलं त्याइले."

माझा मेव्हणा मेकॅनिक आहे. त्यानं फोन माझ्याकडे मागितला आणि फार आपुलकीनं सांगितलं, "भाऊजी, टेन्शन नका घेऊ. दरवाजा जाम झाला असंन. छोटी गाडी हाय ते. काच खाली करा अन् बाहेरून हँडल ओढा."

दुसऱ्या दिवशी पल्लवीनं टॉवेल काढला, पान पाहिलं आणि मला एकच सांगितलं, की टोपी म्हणजे कंट्रोलचं बटण. कंट्रोल धरून एक्स. मी दाबलं आणि निघालो. इतकं सोपं होतं हे कळल्यावर मला स्वतःचीच लाज वाटली.

* * *

निघता येऊ लागलं, पण दारात एक शिपाई उभा असतो हे माहीत नव्हतं. फायलीत काही बदललं असेल तर नॅनो निघताना विचारतो, बदल ठेवायचे का? ठेवायचे तर वाय, नाही तर एन.

एकदा मी एक फाईल नुसती वाचायला उघडली होती. करंगळी कुठे तरी लागली असेल, कारण निघताना प्रश्न आला. आता समोरून कोणी इतक्या नम्रपणे विचारल्यावर तोंडावर नाही म्हणणं मला जमत नाही. मी वाय दाबला. करंगळीनं टाकलेला एक 'ए' फायलीत कायम झाला आणि एका क्लासची हजेरी बंद पडली.

पल्लवीनं तो 'ए' शोधून काढला आणि माझ्याकडे खुर्ची वळवून बसली. "सर, एक सांगते. तुमाले समजलं नाई, काय बदललं, कावून बदललं, तर सरळ एन दाबा. काई बिघडत नाई, फाईल होती तशीच राहते. एन म्हणजे नमस्कार. हात जोडा अन् बाहेर या."

हे मला इतकं पटलं, की मी एका चिठ्ठीवर 'एन म्हणजे नमस्कार' लिहून स्क्रीनच्या कडेला चिकटवलं. त्यानंतर पंधरा दिवस माझ्या हातून एकही फाईल बिघडली नाही. एकही दुरुस्तही झाली नाही, कारण मी सगळ्यांनाच नमस्कार करत होतो.

* * *

साहू माझ्यावर एका गोष्टीसाठी अजून रागावून आहे.

एका क्लासचा सर्व्हर असा होता, की त्याचा काळा स्क्रीन ब्राउझरच्या खिडकीत उघडायचा. मोठी फाईल होती. त्यात एक शब्द शोधायचा होता. मी खाली पाहिलं, आता मला खाली पाहता येत होतं. शोधायचं बटण, कंट्रोल-डब्ल्यू. दाबलं. सगळी खिडकीच गायब.

मी म्हटलं, लाईन तुटली. "साहूजी, केबल पाहा." मे महिना, दुपारचं ऊन. साहू शिडी घेऊन खांबावर चढला, सगळं हलवून पाहिलं, ओरडून विचारलं, "अब देखो!" मी फाईल उघडली, सगळं ठीक होतं. तो उतरला. मी कंट्रोल-डब्ल्यू दाबलं. खिडकी गायब.

असं तीनदा झालं. तिसऱ्यांदा तो खाली उतरून माझ्या मागे येऊन उभा राहिला, घामानं निथळत, आणि म्हणाला, "अब मेरे सामने करो." मी केलं. पल्लवीनं आपल्या जागेवरूनच सांगितलं, की ब्राउझरमध्ये कंट्रोल-डब्ल्यू दाबलं तर खिडकी बंदच होते, त्याला केबल काय करणार.

साहूनं माझ्याकडे पाहिलं, खांबाकडे पाहिलं. "ए का कर डारेव सर," हे काय करून ठेवलंत, एवढंच छत्तीसगढीत म्हणाला आणि माठाकडे गेला. त्या दिवशी त्यानं मला पाणी विचारलं नाही.

* * *

टायपिस्टांची आणखी एक सवय. कच्च्या प्रतीत चूक झाली की खोडरबर शोधत बसत नाहीत, मागे जाऊन तिच्यावर एक्स एक्स एक्स मारतात आणि पुढे जातात. मी एका फायलीतली चुकलेली ओळ अशीच सन्मानानं मारली. सर्व्हरनं ते सगळे एक्स प्रामाणिकपणे वाचले आणि चालायलाच नकार दिला.

पल्लवीनं शिकवलं, की जुनी ओळ पुसून टाकायची नसेल तर तिच्या पुढे हॅश टाकायचा, मशीन ती ओळ वाचत नाही, माणूस वाचू शकतो. मला हे फार आवडलं. मी अशा प्रत्येक जुन्या ओळीला हॅश टाकून बाजूला तारीख आणि माझी छोटी सही पण टाकू लागलो. ते पाहून पल्लवी म्हणाली, "हे मात्र चांगलं करून राहिले सर, हे आमच्यात कोणीच करत नाई."

दोन महिन्यांत मिळालेलं ते एकमेव प्रशस्तिपत्र. मी ते घरी जाऊन सुनीताला तीनदा सांगितलं.

* * *

आता जो किस्सा सांगतो त्यात मला हसू येत नाही, पण ऑफिसात सगळ्यात जास्त हाच मागतात.

तिसरा महिना. एका मोठ्या क्लासची ऑनलाईन टेस्ट होती, तीनशे पोरं बसणार. आदल्या दिवशी नवा सर्व्हर लावला होता आणि त्याचा पत्ता फायलीत लिहायचं काम पल्लवीनं मला दिलं. पत्ता म्हणजे नुसते आकडे आणि टिंबं. मी लिहिला, दोनदा तपासला, वाय दाबला, एन्टर दाबला, खाली पाहिलं, बाहेर आलो. एकही चूक नाही.

सकाळी टेस्ट उघडेना. क्लासवाल्यांचे फोन सुरू झाले. पल्लवीनं पत्ता वाचला, बरोबर होता. साहूनं वाचला, बरोबर होता. मी मोठ्यानं वाचून दाखवला, बरोबर होता. टेस्ट दुपारवर ढकलली. पल्लवी सकाळपासून जेवली नव्हती आणि मी कोपऱ्यात बसून मनातल्या मनात माझा डबा, टॉवेल आणि चिठ्ठी पिशवीत भरत होतो. मला खरंच भीती वाटत होती. घरी काय सांगायचं ते वाक्यही तयार केलं होतं.

दोनच्या सुमाराला पल्लवीनं एकदम टायपिंग थांबवलं आणि खुर्ची न वळवता विचारलं, "सर, तुम्ही एकचा आकडा कसा टाईप केला?"

"एक? नेहमीसारखा."

"कोणतं बटण दाबलं?"

"एल. छोटा एल."

आमच्या जुन्या मशीनला एकच्या आकड्याचं बटणच नव्हतं. छोटा एल दाबला की कागदावर एक दिसायचा. सव्वीस वर्षं मी एक असाच काढला आणि सगळ्यांना असाच शिकवला. त्या पत्त्यात चार एक होते. चारही एल. स्क्रीनवर दोन्हींत फरक म्हणाल तर डोळे फाडून पाहावा लागेल असा.

पल्लवीनं चार बटणं दाबली. टेस्ट उघडली. मग तिनं डोळे मिटून मान मागे टाकली. मी वाट पाहत होतो, की आता बोलेल.

"मी पण तुमच्याकडे तसंच शिकली होती सर," ती म्हणाली. "नाई तर हे मले जन्मात सापडलं नसतं."

साहू हळूच म्हणाला, "मतलब गलती भी सर की, और इलाज भी सर का." कोणी हसलं नाही. मीही घरी जाताना स्कूटर फार हळू चालवली. लेटर गेलं, असं मी धरूनच चाललो होतो.

* * *

तीन महिने संपले तो दिवस शनिवार होता. सुनीतानं सकाळी डब्यात शिरा दिला होता. कशासाठी ते तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

चार वाजता पल्लवीनं मला आपल्या खुर्चीवर बसवलं. समोर काळा स्क्रीन, नॅनो, आणि त्यात इंग्रजीत टाईप केलेलं अर्धं पान. "हे वाचा सर. चुका पाहा, नीट करा अन् बाहेर या. मी चहा सांगून येते."

मी वाचू लागलो. श्री. गजभिये यांना कळवण्यात येते. तीन महिन्यांच्या कामाबद्दल. नोंद ठेवण्याच्या त्यांच्या पद्धतीबद्दल विशेष. अमुक तारखेपासून त्यांना कायम.

दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा अक्षरं थोडी हलत होती. तिसऱ्यांदा वाचलं तेव्हा चूक दिसली. पर्मनंट या शब्दात तिसरा स्वर तिनं ए टाकला होता, तिथे ई पाहिजे. मी ती दुरुस्त केली. कंट्रोल-एक्स दाबलं. खाली पाहिलं. प्रश्न आला, बदल ठेवायचे का?

काय झालं, का झालं, मला काहीच समजत नव्हतं. डोळ्यांपुढे फक्त कायम हा शब्द होता. अशा वेळी काय करायचं ते मला चांगलं पाठ होतं.

मी नमस्कार केला.

पल्लवी चहा घेऊन आली. "वाचलं?"

"वाचलं. एक चूक होती."

"नीट केली?"

"केली. अन् बाहेर आलो."

तिनं रिकाम्या स्क्रीनकडे पाहिलं. "सर, ते नवीन फाईल होती. मी अजून सेव्ह केलीच नव्हती. तुम्ही वाय दाबला ना?"

मी स्क्रीनच्या कडेकडे बोट दाखवलं, पण चिठ्ठी माझ्या टेबलावर होती, इथे नव्हती. तरी तिला समजलं.

दारात साहू उभा होता. त्यानं फार गंभीरपणे सांगितलं, "सर ने अपनी ही नौकरी मिटा दी."

पल्लवीनं चहा टेबलावर ठेवला, तसा मी खुर्चीतून उठलो. मला वाटलं रागावेल, निदान हसेल. तिनं एक नवी, कोरी फाईल उघडली आणि खुर्ची माझ्यामागून पुढे ढकलली.

"एक चूक, पूर्ण पान," ती म्हणाली. "बसा."

मी बसलो. आयुष्यभर दुसऱ्यांची लेटरं टाईप केली, हे तर तीनदाच वाचलं होतं, पण शब्दन् शब्द पाठ होतं. ती माझ्या मागे येऊन उभी राहिली, दोन्ही हात पाठीमागे बांधून. कॅम्प-१ मध्ये मी असाच उभा राहायचो. पहिल्या चार ओळी मी नेहमीच्या स्पीडनं मारल्या. पाचव्या ओळीत पर्मनंट हा शब्द आला आणि स्क्रीन एकदम धूसर झाला. वर काही दिसेना, खालच्या दोन ओळी तर मुळीच दिसेनात. मी चष्मा काढला, शर्टाला पुसला, पुन्हा घातला, आणि मान खाली घालून एक एक अक्षर शोधू लागलो.

मागून आवाज आला, "बोटांकडे पाहू नका, सर."